तेलाचे बिल कोण भरतो?

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कापूस-ज्वारीवाल्यांच्या मेळाव्यात खनिज तेलाचा विषय कशाला, असे सभेच्या आधीच काही जणांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. आपल्या शिवारात विहिरीला पाणी लागताना मारामार, तिथे तेल कुठून लागणार? तरीही हा विषय मुद्दाम घेतला आहे. देश बाहेरून तेल आणतो आणि त्याचे पैसे डॉलरमध्ये मोजतो. ते डॉलर जमवताना जी ओढाताण होते, तिचा शेवटचा हिसका कोरडवाहू शेतकऱ्याला बसतो. तो कसा बसतो, हे आज हिशेबाने पाहायचे आहे. घोषणा नंतर देता येतील.

आकडा केवढा?

देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी शंभरातले सुमारे ८८ भाग २०२३-२४ साली बाहेरून आले. वर्षाला सुमारे २३ कोटी टन तेल जहाजांनी येते. देशात निघते ते ३ कोटी टनांच्या आत. २०२२-२३ साली आयातीचे बिल १५८ अब्ज डॉलरच्या आसपास झाले. पुढच्या वर्षी माल जवळजवळ तेवढाच आला आणि बिल झाले सुमारे १३३ अब्ज. म्हणजे पिंपे तेवढीच, पण बिलात २५ अब्ज डॉलरचा फरक. युक्रेनमध्ये लढाई पेटली, भाव चढला, मग उतरला. यातले काहीही आपल्या हातात नव्हते.

यातल्या काही तेलाचे डिझेल-पेट्रोल करून जामनगरसारखे कारखाने ते परदेशात विकतात आणि काही डॉलर परत आणतात, हेही खरे. पण ते वजा केले तरी ओझे मोठेच राहते. २०२२-२३ साली देशाची सगळी शेतीनिर्यात, म्हणजे तांदूळ, साखर, मसाले, मासळी, कापूस सारे धरून, ५३ अब्ज डॉलरच्या आसपास होती. तेलाच्या बिलाचा जेमतेम तिसरा हिस्सा.

बाहेरून आणणे हे पाप नव्हे

असा आकडा सांगितला की शहाणे लोक लगेच म्हणतात, पाहा, देश परावलंबी झाला. आम्हाला हे पटत नाही. गावात कोण मीठ पिकवतो? सगळेच विकत आणतात. म्हणून कोणी गुलाम होत नाही. विकत आणणारा माणूस काय विकून ते आणतो, आणि त्याला त्याचा माल विकू देतात की नाही, यावर सारे ठरते.

जपान पाहा. त्या देशात तेल नाहीच म्हटले तरी चालेल. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध झाले, अरब देशांनी तेल रोखले, आणि पिंपाला तीन डॉलर असलेला भाव जानेवारी १९७४ पर्यंत बारा डॉलरच्या जवळ गेला. जपानला मोठा धक्का बसला. पण त्यांनी कारखान्यांतली तेलाची उधळपट्टी कमी केली, वायू, कोळसा आणि अणुवीज यांच्याकडे वळले, आणि कमी तेलावर धावणाऱ्या मोटारी अमेरिकेत नेऊन विकल्या. तेल बाहेरचेच राहिले. देश मात्र श्रीमंत झाला. कारण विकायला माल होता आणि तो विकता आला.

आता श्रीलंका पाहा. २०२२ साली त्या देशाकडे डॉलर उरले नाहीत. एप्रिलमध्ये परदेशी कर्जाची फेड थांबवल्याचे जाहीर करावे लागले. पेट्रोलने भरलेले जहाज किनाऱ्याजवळ कित्येक आठवडे उभे होते, पण उतरवून घ्यायला पैसे नव्हते. पंपांवर लोक दिवसदिवस रांगेत उभे राहिले. त्याच्या आदल्या वर्षी तिथल्या सरकारने रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली होती. डॉलर वाचवायला निघाले आणि भात व चहा, दोन्ही पिकांचे नुकसान करून बसले. चहा देशाला डॉलर मिळवून देत होता. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे कापसाच्या वेळी लागेल.

ज्यांच्याकडे तेल आहे ते तरी सुखी आहेत का? नायजेरियात एके काळी कानो शहरात भुईमुगाच्या पोत्यांचे डोंगर रचले जात. तेल सापडले, तेलाचा पैसा सरकारच्या हाती खेळू लागला, आणि शेतीकडे कोणी पाहिनासे झाले. ते डोंगर गेले. शिवाय स्वतःचे कच्चे तेल विकून पेट्रोल मात्र त्यांना वर्षानुवर्षे बाहेरून आणावे लागले. म्हणजे तेल असणे किंवा नसणे ही निम्मीच गोष्ट झाली. उरलेली निम्मी धोरणाची.

सोने गहाण पडले ते वर्ष

आपल्या देशाने धडा घेतला नाही असे नाही. फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात तेल लागले. १९७६ पासून ते निघू लागले. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात गरजेच्या जवळपास दोन तृतीयांश तेल देशातच निघत होते. मग गरज वाढत गेली आणि विहिरी तेवढ्याच राहिल्या.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत गिळले. भाव काही महिन्यांत दुपटीहून वर गेला. आखातात कामाला गेलेली आपली माणसे परत आणावी लागली आणि ती घरी पाठवत असलेला पैसाही थांबला. जानेवारी १९९१ मध्ये देशाच्या गंगाजळीत सव्वा अब्ज डॉलरही धड नव्हते. मे महिन्यात २० टन सोने परदेशी विकायला पाठवले. जुलैमध्ये आणखी सुमारे ४७ टन गहाण ठेवले.

मृगाच्या तोंडावर बियाण्यासाठी घरातले डोरले सावकाराकडे जाते, हे आपल्याला नवीन नाही. त्या वर्षी देशाचे डोरले गेले. आपल्या घरातले का जाते? वर्षभर राबून जो माल पिकवला त्याचे दाम पदरात पडलेले नसतात म्हणून. देशाचेही तेच झाले होते. माल विकून डॉलर मिळवण्याच्या वाटा परवाने, कोटे आणि बंदी यांनी बांधून ठेवल्या होत्या. तेल हे निमित्त झाले.

भाव चढला तर तुमच्या माथी, उतरला तर सरकारच्या खिशात

आता डिझेलकडे येऊ. हा हिशेब प्रत्येकाने पाठ करावा. एका पिंपात १५९ लिटर तेल असते. पिंपाला १०० डॉलर भाव आणि डॉलरला ८० रुपये धरले, तर कच्चे तेल लिटरला सुमारे ५० रुपये पडते.

एप्रिल २०२० मध्ये महामारीने जग बंद पडले होते. भारत जे तेल घेतो त्याचा सरासरी भाव त्या महिन्यात पिंपाला २० डॉलरपर्यंत खाली आला. म्हणजे कच्चे तेल लिटरला दहा रुपयांच्या आत. बाटलीतल्या पाण्यापेक्षा स्वस्त! मग आपल्याला डिझेल किती स्वस्त मिळाले? ६ मे २०२० पासून केंद्राने डिझेलवरचा कर लिटरला १३ रुपयांनी वाढवला. तो ३१ रुपये ८३ पैसे झाला. २०१४ च्या सुरुवातीला तोच कर ३ रुपये ५६ पैसे होता. पुढे जून २०२० मध्ये, ऐन पेरणीत, डिझेल रोज थोडे थोडे चढत गेले. म्हणजे मालाच्या तिप्पट कर, आणि त्यावर राज्याचा कर वेगळा. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये केंद्राने डिझेलवरचा कर आधी १० आणि मग ६ रुपयांनी उतरवला, हे सांगितले पाहिजे. पण तोवर दोन खरीप निघून गेले होते.

२०२२ मध्ये युद्धानंतर रशियाचे तेल सवलतीत मिळू लागले. आधी आपल्या आयातीत रशियाचा वाटा शंभरात दोनही नव्हता. २०२३-२४ मध्ये तो तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेला. स्वस्त तेल घेतले यात आमची काही तक्रार नाही. जिथे स्वस्त मिळेल तिथून घ्यावे. शेतकरीही तेच करतो. सवलत कोणाला मिळाली, एवढेच आम्ही विचारतो. जुलै २०२२ मध्ये राज्याने डिझेलवरचा आपला कर ३ रुपयांनी उतरवला. त्यानंतर मार्च २०२४ मध्ये २ रुपये उतरले, एवढेच. तेल कंपन्यांनी २०२२-२३ च्या पूर्वार्धात तोटा सोसला हे खरे. पण २०२३-२४ मध्ये तीन सरकारी कंपन्यांचा मिळून नफा सुमारे ८१ हजार कोटी रुपये झाला.

डिझेल महागले की ट्रकवाला भाडे वाढवतो. औषधवाला छापील किंमत वाढवतो. ट्रॅक्टरवाला नांगरटीचा दर वाढवतो. त्याचाही इलाज नसतो. प्रत्येकाला आपले ओझे पुढच्याच्या डोक्यावर देता येते. शेतकरी रांगेत शेवटचा. त्याच्यापुढे कोणी नाही. त्याचा भाव दुसरा माणूस सांगतो, आणि गाडीभाडेही त्याच भावातून कापले जाते.

खताचे तसेच. युरिया नैसर्गिक वायूपासून होतो. देशात वापरल्या जाणाऱ्या वायूचा जवळपास निम्मा भाग बाहेरून येतो. पालाश तर सगळाच बाहेरचा. २०२२-२३ साली खतांच्या अनुदानावर सुमारे अडीच लाख कोटी रुपये गेले. हे अनुदान शेतकऱ्याच्या नावाने लिहिले जाते. पण ते पोत्यावर मिळते. ज्याच्या शेताला कालवा आहे त्याची पोती जास्त. आपण पाऊस पाहून एखादी मात्रा देतो, पाऊस ताणला तर तीही देत नाही. अनुदान देशभरच्या शेतकऱ्याच्या नावावर, आणि कोरडवाहूवाल्याच्या वाट्याला त्यातला चतकोर.

तेल आणि कापूस: एकाच गिरणीतले दोन धागे

आता मुख्य मुद्दा. कच्च्या तेलातून नाफ्था निघतो. त्यापासून पुढे पॉलिएस्टरचा कच्चा माल तयार होतो. म्हणजे पिंपातल्या तेलाचे कापड होते. जगात आज जेवढा धागा तयार होतो त्यात पॉलिएस्टर अर्ध्याहून जास्त आणि कापूस पाचव्या हिश्श्याच्या आसपास. आपल्या बोंडाचा खरा स्पर्धक परदेशी शेतकरी नाही, तेलाची विहीर आहे.

तेल महागले की पॉलिएस्टर महागते आणि गिरणीवाला कापसाकडे वळू लागतो. कापसाचा भाव केवळ यावर ठरत नाही. चीनची खरेदी, अमेरिकेचे पीक, साठे हेही असते. पण तेल महाग असले की कापसाला चढायला जागा मिळते. डिझेल आणि औषध महागल्याचा आपला तोटा भरून निघण्याची हीच एक नैसर्गिक वाट आहे. आणि नेमकी हीच वाट दरवेळी अडवली जाते.

एप्रिल २०१० मध्ये कापसाच्या नव्या निर्यातीच्या नोंदण्या थांबवल्या. २०१०-११ च्या हंगामाला ५५ लाख गाठींची मर्यादा घातली. त्याच हंगामात, मार्च २०११ मध्ये, न्यूयॉर्कच्या बाजारात कापूस पौंडाला दोन डॉलरच्या वर गेला होता. आयुष्यात एकदा येणारा भाव, आणि आपल्या दाराला कडी. ५ मार्च २०१२ रोजी निर्यातीवर सरळ बंदी घातली. ओरड झाल्यावर आठवड्याभरात ती मागे घेतल्याचे जाहीर करावे लागले, पण नव्या नोंदण्या त्यानंतरही अडकल्या. त्या २०११-१२ साली देश तेल कोणत्या भावाने घेत होता? पिंपाला सरासरी ११० डॉलरच्या वर. एका हाताने डॉलर देण्याची घाई, आणि दुसऱ्या हाताने डॉलर आणणाऱ्या पिकाला बंदी. श्रीलंकेने चहाचे केले तेच.

२०२२ मध्ये सरकार वेगळ्या रंगाचे होते. विदर्भात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. तेल शंभर डॉलरच्या वर होते. १४ एप्रिल २०२२ पासून कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले. म्हणजे डॉलरची तंगी असताना आणखी डॉलर खर्चून परदेशी कापूस आणायचा, कशासाठी? इथला कापूस चढू नये म्हणून. मे महिन्यात गव्हाची निर्यातही बंद केली.

२०२५ चे वर्ष तर शाळेतल्या मुलांना शिकवावे असे आहे. भारत रशियाचे तेल घेतो म्हणून अमेरिकेने ६ ऑगस्टला आपल्या मालावर २५ टक्के जादा शुल्क जाहीर केले. आधीचे धरून ते ५० टक्के झाले आणि २७ ऑगस्टपासून लागू झाले. कापड आणि कपड्यांच्या निर्यातदारांना धडकी भरली. त्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून १९ ऑगस्टपासून कापसावरचे आयातशुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हटले, मग मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. ऑक्टोबर ते डिसेंबर हेच आपल्या वेचणीचे आणि विक्रीचे दिवस. हिशेब जुळवून पाहा: तेल रशियाचे, शुद्धीकरण कंपन्यांचे, सवलत त्यांची, दंड अमेरिकेचा, आणि भरपाई कापूस उत्पादकाची. या सगळ्या व्यवहारात त्याने कोणता करार केला होता?

कडबा हे आपले डिझेल होते

आमच्यातले काही जण शेतीशाळेत ऊर्जा हा विषय शिकले. त्यात ट्रॅक्टरची अश्वशक्ती होती, बैलाची बैलशक्ती तोंडी लावण्यापुरती होती. पण कोरडवाहू शेतीची खरी व्यवस्था अशी होती: ज्वारी पेरली की वर कणीस माणसाला, खाली कडबा बैलाला. बैल नांगर, वखर, डवरा ओढणार आणि शेणखत देणार. जे ओढायचे त्याचे इंधन त्याच शेतात पिकत होते.

१९८० च्या आसपास देशात दीड कोटी हेक्टरांहून जास्त ज्वारी होती. आता ती ४० लाखांच्या आसपास आली आहे. रेशनवर स्वस्त गहू-तांदूळ आले, ज्वारीला भाव राहिला नाही, शेतकऱ्याने सोयाबीन आणि कापूस घेतला. ज्वारी गेली, कडबा गेला. कडबा महागला, बैलजोडी गेली. बैलजोडी गेली आणि भाड्याचा ट्रॅक्टर आला. देशाचे तेलावरचे अवलंबन आपल्या बांधावर आले ते असे, कोपऱ्याकोपऱ्याने. पुन्हा बैलाकडे चला असे आम्ही सांगत नाही. ज्यांना वखरामागे चालावे लागत नाही त्यांनाच ते सांगायला आवडते. आमचे म्हणणे इतकेच की ज्वारीचा भाव पाडला तेव्हा तेलाची मागणीही वाढवली, हे दिल्लीच्या हिशेबात कधी धरले गेले नाही.

शेतातून इंधन: ब्राझीलचा धडा

१९७३ मध्ये ब्राझील आपल्या तेलापैकी शंभरातले सुमारे ८० भाग बाहेरून आणत होता. नोव्हेंबर १९७५ मध्ये त्यांनी उसापासून अल्कोहोल काढून मोटारी चालवण्याचा कार्यक्रम सुरू केला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात तिथे विकल्या जाणाऱ्या दहापैकी नऊ नव्या मोटारी निव्वळ अल्कोहोलवर चालत. मग १९८६ मध्ये तेल कोसळले, पुढे साखर चढली, कारखाने साखरेकडे वळले, आणि १९८९ च्या सुमारास मोटारवाले पंपावर रिकाम्या टाक्या घेऊन उभे राहिले. सुटका कशाने झाली? २००३ मध्ये दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या मोटारी आल्या. साखर करायची की अल्कोहोल, हे कारखाना भाव पाहून ठरवतो. पेट्रोल घ्यायचे की अल्कोहोल, हे गिऱ्हाईक भाव पाहून ठरवते. मधे हुकूम नाही.

आपल्याकडे पेट्रोलमध्ये इथेनॉलचे मिश्रण २०२२ मध्ये १० टक्के आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. चांगली गोष्ट आहे. पण ७ डिसेंबर २०२३ रोजी, हंगाम सुरू असताना, उसाच्या रसापासून इथेनॉल करू नका असा आदेश निघाला. आठवड्याभरात तो सैल करावा लागला. ज्यांनी कर्ज काढून इथेनॉलचे कारखाने उभारले त्यांनी काय समजायचे?

यात ज्वारीलाही जागा आहे. गोड ज्वारीच्या ताटात रस असतो. वर दाणा मिळतो, रसापासून अल्कोहोल होते, चोथा गुरांना जातो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने यावर अनेक वर्षे काम केले, ‘मधुरा’ नावाची जात काढली. २०१८ च्या जैवइंधन धोरणात गोड ज्वारीचे नावही आहे. अडचण अशी की ताट तोडले की रस लवकर आंबतो. गाळप शेताजवळ आणि एक-दोन दिवसांत व्हायला हवे. हंगामही छोटा. म्हणून आम्ही कोणाला हे पेरा म्हणून सांगणार नाही. भावाची हमी कागदावर आणि गाळप वीस कोसांवर असेल, तर शेतकरी त्या भरीस पडणार नाही, आणि पडूही नये. सरकारला खरोखर तेल कमी आणायचे असेल तर गाळप शिवाराजवळ उभे राहू द्यावे आणि भाव मोकळा ठेवावा. मग कोरडवाहू शेतकरी काय करतो ते पाहावे.

मागायचे काय?

स्वस्त डिझेलचे अनुदान मागावे, असे अनेक जण सुचवतात. आम्ही ते मागणार नाही. अनुदान एका हाताने मिळते आणि निर्यातबंदीने दुसऱ्या हाताने दसपट काढून घेतले जाते. जगाच्या भावाने डिझेल घ्यायला आम्ही तयार आहोत. पण मग कापूसही जगाच्या भावाने विकू द्या. दोन्हीकडे एकच नियम हवा.

तीन ठराव आज मांडू. एक: कापसाची आणि धान्याची निर्यात हंगामात अडवू नये, आणि वेचणीच्या तोंडावर आयातशुल्क उठवू नये. दोन: जगात तेल उतरले तर ते पंपावर उतरलेच पाहिजे, चढताना बाजार आणि उतरताना तिजोरी, हे चालणार नाही. तीन: शेतातून निघणाऱ्या इंधनावर हंगामाच्या मध्यात हुकूम काढू नये.

आणि एक काम तुमच्याकडे. या खरिपात प्रत्येक गावातल्या पाच जणांनी वही ठेवावी. नांगरटीपासून कापूस बाजारात जाईपर्यंत डिझेल किती लिटर लागले, भाड्याचे किती गेले, खताचे किती, औषधाचे किती, आणि सरतेशेवटी क्विंटलला पदरात काय पडले. पुढच्या मेळाव्यात त्या वह्या इथे टेबलावर मांडू. दिल्लीत तेलाच्या बिलावर मोठमोठे अहवाल होतात. त्यात आपल्या एकरातल्या डिझेलची ओळ कधी नसते. ती ओळ आपल्यालाच लिहावी लागेल.